मांडव आधी, वेल मागून

जबलपूरच्या जुन्या भागातला दीक्षितपुरा म्हणजे दाट वस्ती. गल्ल्या अरुंद आणि घराला घर लागलेले. ज्यांच्या घरामागे अजून परस शिल्लक आहे, त्यांच्या वाट्यालाही बहुधा दहा-बारा फुटांचा तुकडाच येतो. त्यात तुळशीवृंदावन, कढीपत्ता, धुण्याची जागा आणि वाळत घातलेले कपडे. मग भाजीला जागा उरते कुठे? ती उरते वर. म्हणूनच अशा परसात वेलींशिवाय पर्याय नाही आणि वेली म्हटल्या की मांडव आलाच.

जबलपूरशी मराठी घरांचे नाते जुने आहे. १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी हा प्रदेश जिंकला. १७९८ नंतर तो नागपूरकर भोसल्यांकडे होता. पुढे इंग्रजी अमलात आणि स्वातंत्र्यानंतर १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते, त्यामुळे नोकरी-व्यवसायासाठी येणे-जाणे चालूच राहिले. येथल्या बाजारात घोसाळ्याला गिलकी म्हणतात, वालपापडीला सेम आणि चवळीच्या शेंगांना बरबटी. नावे कोणतीही असोत, या साऱ्या वेलींची मागणी एकच असते: वेळेवर मिळालेला भक्कम आधार.

नेमके इथेच बहुतेकांचे चुकते. पहिला पाऊस पडला की उत्साहाने बिया टोचल्या जातात आणि ‘मांडवाचे पुढे बघू’ असे म्हटले जाते. तीन आठवड्यांत वेल दोन-तीन फुटांची होऊन जमिनीवर लोळू लागते. मग घाईघाईने मिळेल ती काठी मुळांच्या मधोमध ठोकली जाते. श्रावणात वेल भरते, फळे धरतात आणि एका वादळी रात्री सगळा डोलारा खाली येतो. बुंध्याशी पिरगळलेली वेल पुन्हा उभी केली तरी सहसा सावरत नाही. तीन महिन्यांची मेहनत आणि हंगाम, दोन्ही जातात. म्हणून मांडव आधी आणि वेल मागून, हा क्रम कधीही उलटा करू नये.

वेल कशी चढते ते आधी पाहा

सगळ्या वेली सारख्या चढत नाहीत. चार्ल्स डार्विन यांनी १८६५ साली या विषयावर एक मोठा निबंध लिहिला होता. त्यांनी आपल्या खोलीत ठेवलेल्या हॉपच्या वेलीचे टोक सुमारे दोन तासांत हवेत एक फेरी मारत आधार शोधत होते. आपल्या परसातही हा खेळ पाहायला मिळतो. वालपापडी आणि चवळी यांचे अख्खे खोडच काठीभोवती गुंडाळत वर जाते. त्यांना उभी, किंचित खरबरीत काठी किंवा दोरी पुरते.

दोडका, कारले, दुधी, पडवळ यांचे काम तणाव्यांवर चालते. तणावा म्हणजे वेलीच्या पेऱ्यातून निघणारी बारीक दोरी. कशाला तरी स्पर्श झाला की ती त्याभोवती वळते आणि मग स्प्रिंगसारखी गुंडाळून वेलीला आधाराकडे ओढून घेते. वाऱ्याचा झटका आला की ही स्प्रिंग ताणली जाते, तुटत नाही. पण तणाव्याला पकडायला बारीक वस्तू लागते. मनगटाएवढा बांबू त्याला कवेत घेता येत नाही. म्हणूनच खांब जाड आणि त्यावर विणलेली जाळी बारीक, अशी मांडवाची रचना असते.

टोमॅटोचे झाड मात्र स्वतः चढतच नाही. त्याला बांधावे लागते.

बांबू पारखून घ्या

देशातले सर्वांत मोठे बांबूक्षेत्र मध्य प्रदेशात आहे. येथल्या जंगलात मुख्यतः लाठीचा भरीव बांबू होतो आणि मांडवाच्या खांबांसाठी तो उत्तम. कोवळा, हिरवागार बांबू स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. त्यात पिष्ट जास्त असल्याने पोखरणारे बारीक भुंगेरे लागतात आणि काही महिन्यांतच पिवळसर भुसा पडू लागतो. निदान तीन वर्षांचा, पावसाळ्यानंतर थंडीत तोडलेला बांबू टिकतो. बुरूड लोक बांबू पाण्यात भिजत घालतात, तेही याचसाठी. पाण्यात पिष्ट निघून जाते. घरी भिजवायचे असेल तर दोन-तीन आठवडे तरी भिजवा, मात्र चार-पाच दिवसांनी पाणी बदला, नाहीतर डासांची पैदास होईल.

डासांचा विचार बांबू कापतानाही करावा. खांबाचे वरचे टोक गाठीच्या लगेच वर कापावे. गाठीपासून चार-सहा बोटे सोडून कापले तर वर पेल्यासारखी पोकळी राहते आणि पावसाचे पाणी तिथे साचते. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला तेवढे पाणी पुरते. एखाद्या खांबाला पोकळी राहिलीच तर ती वाळू किंवा मातीने भरून टाका.

खांबाचा जमिनीत जाणारा भाग आणि वर चार बोटे डांबराने रंगवून सुकवावा. त्यामुळे ओल आणि वाळवी दोन्हींपासून बचाव होतो.

ज्यांच्याकडे गावी थोडी जागा आहे त्यांनी बांबूचे एखादे बेट लावायला हरकत नाही. २०१७ साली वन कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळण्यात आला आहे.

मांडवाची उभारणी

मे महिन्याची सुट्टी ही मांडव घालण्याची खरी वेळ. मुले घरी असतात आणि आजोबांना देखरेखीचे काम मिळते. जबलपूरचा पारा तेव्हा चाळिशी ओलांडतो, म्हणून काम सकाळी आठच्या आत उरकावे. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाऊस येतो, त्याआधी मांडव तयार हवा.

जागा परसाच्या उत्तर कडेला निवडा. कर्कवृत्त जबलपूरच्या थोडे उत्तरेकडून जाते. जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, पण थंडीत तो दक्षिणेकडे झुकतो. मांडव उत्तरेला असला तर हिवाळी भाज्यांच्या वाफ्यांवर सावली पडत नाही.

सहा फूट रुंद व आठ फूट लांब मांडवाला साडेआठ फुटांचे चार खांब लागतात. त्यांतले दोन फूट जमिनीत जातील आणि उरलेल्या उंचीत खाली वाकावे न लागता भाजी तोडता येईल. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, त्यामुळे नुसता ठोकलेला खांब हलू लागतो. पहारेने खड्डा करा, खांब उभा करून भोवती विटांचे तुकडे व माती थराथराने घाला आणि प्रत्येक थर ठासून घ्या.

वर चारी बाजूंनी आडवे बांबू बांधले की चौकट तयार होते. पण चौकट कितीही घट्ट बांधली तरी वाऱ्याने एका बाजूला कलते. म्हणून प्रत्येक कोपऱ्यात खांबापासून आडव्या बांबूपर्यंत हातभर लांबीचा तिरपा टेकू बांधावा. त्यामुळे तिथे त्रिकोण होतो आणि त्रिकोण कलत नाही. दहा दुधी लागले तर वजन आठ-दहा किलो होते. तेवढे मांडव सहज पेलतो. त्याला खरा धोका असतो वाऱ्याचा, कारण पानांनी भरलेला मांडव शिडासारखा वारा धरतो. जबलपूरला वर्षाला साधारण १३०० ते १४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा जुलै-ऑगस्टमध्येच. ओली माती, भिजलेली पाने आणि वारा हे तिन्ही एकाच वेळी येतात.

सांधे काथ्याने बांधा, तो पावसात लवकर कुजत नाही. वरची जाळी मात्र सुतळीची विणा, वीतभर अंतराच्या चौकोनांची. हंगामाच्या शेवटी वेलीसकट ती कापून खताच्या खड्ड्यात टाकता येते. नायलॉनच्या जाळीतून वाळलेली वेल सोडवणे हे डोकेदुखीचे काम, शिवाय तिच्यात पाखरे आणि सरडे अडकतात.

मांडवाखालची सावलीही वाया घालवू नका. अळू, आले आणि हळद तिथे चांगली येतात.

घरच्या घरी करण्यासारखे छोटे आधार

सायकलच्या रिंगचा तंबू : जुन्या सायकलची आऱ्या काढलेली रिंग घ्या. मधोमध रोवलेल्या सहा फुटी बांबूच्या टोकाला ती तारेने आडवी टांगा. रिंगच्या भोकांतून सुतळ्या ओवून खाली जमिनीतल्या खुंट्यांना बांधा. प्रत्येक सुतळीपाशी वालपापडीचे किंवा चवळीचे बी टोचा. दोन महिन्यांत मुलांना खेळायला हिरवा तंबू तयार.

मटारासाठी तुराट्या : जबलपूर जिल्हा मटारासाठी प्रसिद्ध आहे आणि ‘जवाहर’ नावाचे वाण येथल्याच जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाचे. १९६४ साली हे विद्यापीठ सुरू झाले. मटाराचे तणावे फार नाजूक असतात. त्यांना बांबू नको, फांद्या असलेल्या वाळक्या तुराट्या हव्यात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बी पेरतानाच त्या ओळीने रोवा.

टोमॅटोची काठी : रोप लावतानाच चार बोटांवर चार फुटी काठी रोवा. बांधण्यासाठी जुन्या सुती साडीच्या पट्ट्या घ्या. पट्टी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवा, एक वेढा काठीला आणि एक सैल वेढा खोडाला. दोन्हींच्या मध्ये पट्टीची पिळ आली की खोड काठीवर घासत नाही. काठीच्या टोकावर प्लॅस्टिकच्या बाटलीचे बूच किंवा जुना चेंडू बसवा. वाकून खुरपताना काठी डोळ्याला लागण्याचा धोका टळतो.

भोपळ्याचे शिंके : लाल भोपळा मांडवावर चढवला तर फळ नारळाएवढे झाल्यावर त्याला जुन्या ओढणीचे शिंके करून मांडवालाच टांगा. भार देठावर येत नाही.

पडवळाचा दगड : कोवळ्या पडवळाच्या टोकाला दोऱ्याने छोटासा खडा बांधायची जुनी रीत आहे. पडवळ वेडेवाकडे न होता सरळ लांब वाढते. खडा सुपारीपेक्षा मोठा नको.

भिंत आणि तारा यांपासून दूर

जागा कमी म्हणून मांडवाची एक बाजू घराच्या भिंतीला खिळे ठोकून बांधण्याचा मोह होतो. तो टाळावा. २२ मे १९९७ च्या पहाटे झालेल्या भूकंपात जबलपूर आणि आसपासच्या माती-विटांच्या जुन्या घरांची मोठी हानी झाली होती. जुन्या भिंतींचे सांधे वरून गिलावा केला म्हणून मजबूत होत नाहीत. वाऱ्याने हलणारा मांडव अशा भिंतीला रोज थोडे थोडे हिसके देतो. तो कोसळला तर सोबत भिंतीच्या विटाही येतील आणि खाली बहुधा भाजी तोडणारी गृहिणी किंवा खेळणारे मूल असेल. मांडव चार खांबांवर स्वतंत्र उभा हवा. भिंतीपासून दोन-तीन फूट जागा सोडली तर वेलीला घातलेले पाणी पायात मुरत नाही आणि मागून भाजी तोडताही येते.

तीच काळजी विजेच्या तारांची. घरावर येणारी तार मांडवाजवळून जात असेल तर जागाच बदला. वेल तारेपर्यंत पोचलीच, तर ओल्या हाताने किंवा लोखंडी आकड्याने ती ओढू नका. वीज कंपनीला कळवा आणि त्यांच्या माणसाकडूनच काढून घ्या.

हंगाम संपल्यावर

दिवाळीनंतर वेली वाळल्या की जाळी कापून खताच्या खड्ड्यात टाका. कीड लागलेली वेल मात्र वेगळी काढून फेका. सुटे बांबू आणि काठ्या घासून, उन्हात वाळवून पडवीत किंवा जिन्याखाली आडव्या ठेवा. जमिनीवर ठेवल्या तर वाळवी लागते, खाली दोन विटा द्या.

पुढच्या मे महिन्यात प्रत्येक खांब दोन्ही हातांनी धरून जोराने हलवून पाहा. हलला तर पुन्हा ठासा, बुडाशी भुसा पडलेला दिसला तर बदला. एका खांबासाठी केलेली काटकसर संपूर्ण हंगामाला महाग पडते. खांब पक्के झाले, जाळी विणून झाली की मगच बियांची पुडी उघडा.