हदगाव ते दिल्ली

परवा आम्ही सेनगावला गेलो होतो. एका घरी ग्रामपंचायतीवर निवडून आलेल्या एक ताई भेटल्या. बैठकीत काय ठरले, असे सहज विचारले. त्या म्हणाल्या, "ते आमच्या मालकांना माहीत. मी निस्ती सही करते."

आम्हाला वाईट वाटले. कारण याच हिंगोली मतदारसंघाने एका बाईला दोनदा लोकसभेत पाठवले आहे.

त्या बाई म्हणजे सूर्यकांता पाटील. १९८० साली त्या हदगावमधून विधानसभेत गेल्या. १९८६ पासून राज्यसभेत होत्या. १९९१ मध्ये नांदेडमधून आणि १९९८ मध्ये हिंगोलीतून लोकसभेवर निवडून आल्या. वर्षभरानंतर ती लोकसभा बरखास्त झाली आणि १९९९ ला ही जागा शिवाजी माने यांच्याकडे गेली. बाई घरी बसल्या नाहीत. २००४ ला पुन्हा निवडून आल्या आणि केंद्रात ग्रामीण विकास व संसदीय कार्य खात्यांच्या राज्यमंत्री झाल्या. २००९ ला सुभाष वानखेडे यांनी त्यांना हरवले. काँग्रेस, राष्ट्रवादी, २०१४ ला भाजप आणि २०२४ ला पुन्हा शरद पवारांचा पक्ष, असा त्यांचा प्रवास झाला. पक्षांतर कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. आम्हाला सांगायचे आहे ते वेगळेच.

२००५ साली रोजगार हमीचा केंद्रीय कायदा झाला, तो याच ग्रामीण विकास खात्याचा. एकट्या राज्यमंत्र्याने कायदा होत नसतो, हे खरे. पण त्या खात्यात आपल्या भागातली बाई होती. २ फेब्रुवारी २००६ ला पहिल्या २०० जिल्ह्यांत कायदा लागू झाला, त्यात हिंगोली होता. आपल्या राज्यात रोहयोचा कायदा १९७७ पासूनच होता. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या आपल्या आया-मावश्यांचा घाम त्यामागे आहे.

केंद्राच्या कायद्याने घरटी १०० दिवस कामाची हमी दिली. मजुरांत किमान एक तृतीयांश बाया हव्यात, मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम मिळाले नाही तर बेकारी भत्ता द्यावा, असे त्यात लिहिले. मात्र गावात कोणते काम आधी घ्यायचे, हे ठरवायला ग्रामसभा आणि ग्रामपंचायतच लागे. म्हणजे दिल्लीचा कायदा सेनगावच्या मजूर बाईपर्यंत यायचा, तर वाटेत त्या ताईंची सही होती!

मग ती सही निस्ती कशी?

बाबासाहेबांनी घटनेत बाईला पुरुषाइतकेच एक मत दिले. मूळच्या चिपळूणच्या सुमित्रा महाजन १९८९ पासून इंदूरमधून सलग आठ वेळा निवडून आल्या, २०१४ ला लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या. आपल्या राज्यात पंचायतीत निम्म्या जागा बायांच्या आहेत. २०२३ साली लोकसभा-विधानसभेत एक तृतीयांश जागा राखण्याची घटनादुरुस्ती झाली. जागा वाढतील, पण खुर्चीवर बाई आणि कारभार मालकाचा, असे राहिले तर वाढून उपयोग काय?

भगिनींनो, खुर्ची मताने येते आणि मतानेच जाते. असेल तेवढे दिवस ती स्वतः चालवा. पुढच्या बैठकीत ठराव आधी वाचून घ्या. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीला शेजारी बसवा. समजला तरच सही करा. लेकही शिकेल.

जयभीम!