ढकलगाडीला मोटर... आणि मामाचा प्रश्न

गोल्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टीव्हीवरचं हिरवंगार गवत, पांढरी टोपी आणि टाळ्यासुद्धा हळू वाजवणारे प्रेक्षक येतात. आमच्या होस्टेलमधला नाशिकचा मित्र तर 'गोल्फ क्लब' म्हणजे पळायला जायचं मैदान असंच समजत होता. त्याची चूक नाही. तिथल्या अनंत कान्हेरे मैदानाला सगळं गाव गोल्फ क्लब म्हणतं आणि तिथे रणजीचे सामने होतात! मला मात्र गोल्फ लहानपणापासून माहीत आहे, पण खेळ म्हणून नाही. माझा मामा पुण्यात कॅडी आहे. साहेब खेळणार आणि मामा बॅग सांभाळणार, एवढीच माझी गोल्फशी ओळख.

एका बॅगेत नियमाप्रमाणे जास्तीत जास्त 14 काठ्या (त्यांना 'क्लब' म्हणतात), शिवाय चेंडू, छत्री, पाणी असं सगळं मिळून 12 ते 15 किलो होतं. अठरा होलचा एक राऊंड म्हणजे आठ-नऊ किलोमीटर चाल. पूर्वी बॅग खांद्यावर असायची, आता तीन चाकांची ढकलट्रॉली असते. तरी चढ हा चढच, आणि पावसाळ्यात गवत ओलं झालं की ट्रॉली चिखलात म्हशीसारखी बसते. मामाला पगार नाही, जितके राऊंड तितके पैसे. गुडघा दुखला म्हणून घरी बसला तर त्या दिवसाची कमाई शून्य.

मी सेकंड इयरला असताना हे सगळं मेसमध्ये सहज बोललो. समोर शेजारच्या रूममधले फायनल इयरचे सीनियर बसले होते. त्यांना प्रोजेक्टला विषय मिळत नव्हता. झालं! त्यांनी ट्रॉलीला मोटर बसवायचं ठरवलं. गाडीचा जुना वायपर मोटर, 12 व्होल्ट 7 ॲम्पिअर-अवरची बॅटरी, एक चेन आणि एक स्विच. रिपोर्ट काळ्या बाईंडिंगमध्ये सोनेरी अक्षरांत छापला गेला, व्हायवा झाली, मार्क मिळाले. सीनियर आता बंगळुरूला बसून जावा लिहितात. यंत्र मामाकडे गेलं.

मामाने ते पंधरा दिवस वापरलं आणि एक दिवस गोणपाटात गुंडाळून मला परत आणून दिलं. "चांगलंय रे पोरांनो, पण हाताने ढकललेलं बरं," म्हणाला. ते गोणपाट दोन वर्षं वर्कशॉपच्या मागच्या भंगारात पडलं होतं. यंदा आमच्या ग्रुपने ते उचललं. ते उचलल्यावर जे शिकलो, त्यावर हा लेख आहे.

आधी ते का फसलं ते बघू. वायपर मोटर मिनिटाला साधारण 55 फेरे मारते. ट्रॉलीचं चाक 25 सेंटिमीटरचं, म्हणजे एका फेऱ्यात पाऊण मीटरच्या थोडं पुढे. गणित करा, तासाला अडीच किलोमीटर! साहेब पुढच्या होलला पोचले तरी मामा मागेच. दुसरं, ऊर्जा. ट्रॉली, बॅग आणि यंत्र मिळून 30 किलो धरलं तर गवतावर ढकलायला सपाटीलाही अंदाजे 30 न्यूटन जोर लागतो. आठ किलोमीटरचे होतात 67 वॉट-अवर. मोटर आणि गिअरमधलं नुकसान धरून बॅटरीतून 110 तरी काढावे लागतात. 12 गुणिले 7 म्हणजे 84, आणि लेड-ॲसिड बॅटरी रोज निम्म्याच्या खाली उतरवली तर ती फार दिवस टिकत नाही. म्हणजे हातात उरले 42. यंत्र सातव्या-आठव्या होलला मान टाकायचं यात नवल काय?

खरी गंमत त्यापुढे आहे. वायपर मोटरमध्ये वर्म गिअर असतो. वर्मने चाक फिरतं, पण चाकाने वर्म फिरत नाही. उतारावर हे बरं, गाडी पळत नाही. पण बॅटरी संपली की चाक जाम! मामाला पंधरा किलोची बॅग, ट्रॉली आणि वर आमच्या सीनियरांचं इंजिनिअरिंग, असं सगळं उचलून न्यावं लागलं. मशीन डिझाइनच्या पेपरात 'वर्म गिअरचे फायदे' आपण सगळेच लिहितो. त्याचा तोटा मला मामाच्या खांद्याने शिकवला.

मग आम्ही काय केलं? आम्हीही तेच केलं जे सगळे करतात. भारी प्लॅन केला! मायक्रोकंट्रोलर, अल्ट्रासोनिक सेन्सर, ब्ल्यूटूथ, मोबाईल ॲप. ट्रॉली साहेबांच्या मागे आपोआप चालत जाईल. नेटवर बघितलं तर परदेशात हे आधीच आहे. ब्रिटनमध्ये पॉवाकॅडीसारख्या बॅटरीच्या ट्रॉल्या 1980 च्या दशकापासून विकल्या जातात. आता तर साध्या ढकलट्रॉलीची मागची चाकं काढून मोटरवाली चाकं बसवायची, असे रिमोटवाले जोडही मिळतात. म्हटलं, तेच आपण स्वस्तात करू. एक्सटर्नल खूश, आपण खूश.

ड्रॉइंग घेऊन मामाकडे गेलो. त्याने चहा पीत सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "ही गाडी आपोआप साहेबाच्या मागं जाणार. मग मी कुठं जाणार रे?"

चौघेही गप्प. खरं सांगतो, कुठल्याच व्हायवात इतकं गप्प बसलो नव्हतो.

परतताना बसमध्ये आमच्यात वाद झाला. एक जण म्हणाला, "आपण नाही केलं तर दुसरं कोणी करेल. मशीन कधी थांबतं का?" मुद्दा खरा आहे. मोटरची ट्रॉली आजही पैसे टाकले तर मिळते. पण मला वाटतं, या वाक्याच्या आड आपण फार लवकर लपतो. परदेशात अनेक मैदानांवर खेळणारा स्वतःच ट्रॉली ढकलतो. तिथे मोटर त्या खेळणाऱ्याचे कष्ट कमी करते. आपल्याकडे ट्रॉली कॅडी ढकलतो. तीच मोटर, तीच बॅटरी, पण स्विच कोणाच्या हातात द्यायचा यावरून एकाचा गुडघा वाचतो किंवा त्याची रोजी जाते. हा निर्णय डिझाइन करणारा घेतो, सर्किट घेत नाही.

आणि कॅडी म्हणजे काही नुसता हमाल नाही. अंतर किती, वारा कुठला, हिरवळीचा उतार कुठे वळतो, चेंडू झुडपात कुठे गेला, हे सगळं तो सांगतो. 1991 ची इंडियन ओपन जिंकणारे अली शेर एके काळी दिल्लीत कॅडी होते. 2009 ची जिंकणारे चिन्नास्वामी मुनियप्पा बंगळुरूचे कॅडी. एस. एस. पी. चौरासियांचे वडील कोलकात्याच्या मैदानावर गवत राखायचे, आणि हा मुलगा त्याच मैदानावर कॅडीगिरी करत खेळ शिकला. ओझं यंत्राला द्या की! पण ओझ्याबरोबर माणूस खाली उतरवू नका, एवढंच म्हणणं आहे.

दुसऱ्या रविवारी आम्ही लॅपटॉप न घेता गेलो आणि मामाला विचारलं, "तुला काय पाहिजे?" त्याने बोटांवर मोजून सांगितलं. बॅटरी संपली तरी गाडी हाताने ढकलता आली पाहिजे. उतारावर पळता कामा नये, खाली तळं आहे. आवाज नको, साहेब चेंडू मारताना शिंकसुद्धा चालत नाही. ट्रॉली माझी नाही, म्हणून यंत्र दोन मिनिटांत निघालं पाहिजे. आणि घरच्या साध्या प्लगवर रात्रीत चार्ज झालं पाहिजे. या यादीत मोबाईल ॲप कुठेही नव्हतं.

मग अपग्रेड सुरू झालं. ट्रॉलीच्या चाकांना हात न लावता मागे बिजागरीवर एक चौथं चाक जोडलं. स्प्रिंगने ते जमिनीवर दाबलं जातं आणि खटका ओढला की वर उचललं जातं. बॅटरी संपली? चाक वर, ट्रॉली मोकळी. वायपर मोटर काढून ई-बाईकची 24 व्होल्ट 250 वॉटची गिअर मोटर घेतली आणि वेग चालण्याइतका, तासाला पाच किलोमीटर ठेवला. लेड-ॲसिडऐवजी लिथियम आयर्न फॉस्फेटचे आठ सेल, म्हणजे 25.6 व्होल्ट, 10 ॲम्पिअर-अवर. एक राऊंड आरामात होऊन वर शिल्लक राहते. इथे एक सूचना, जुना लेड-ॲसिडचा चार्जर नव्या बॅटरीला लावू नका. या आठ सेलना 29.2 व्होल्टचा त्यांचाच चार्जर आणि सोबत बी.एम.एस. लागतो. होस्टेलच्या रूममध्ये प्रयोग करणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

स्विचच्या जागी सायकलच्या ब्रेकसारखा दांडा आहे. दाबला तर गाडी चालते, सोडला तर थांबते. सोडताच रिले मोटरची दोन टोकं एकमेकांना जोडतो. मोटर जनरेटर होते आणि फिरायला विरोध करते, म्हणून उतारावर गाडी धावत सुटत नाही. वायर तुटली तरी रिले आपोआप याच स्थितीत येतो. मात्र उभ्या गाडीला ही युक्ती धरून ठेवत नाही, त्यासाठी ट्रॉलीचा स्वतःचा ब्रेक लावायलाच हवा. हे आम्ही तळ्याच्या काठावर शिकलो! बॅग वाचली, माझे बूट नाही.

सगळं जमलं का? नाही. एकाच चाकावर जोर असल्यामुळे ओल्या गवतावर ते घसरतं. सपाटीला चाकावर आठ-नऊ किलो भार पुरतो, पण दहा अंशांच्या चढावर जोर 80 न्यूटनपर्यंत जातो आणि भार वीस किलो तरी लागतो. तेवढा आम्ही देऊ शकलो नाही. तिथे मामा हाताने रेटा देतो. चेनमध्ये गवत अडकतं ते वेगळंच.

आता सरांशी थोडं बोलतो, राग मानू नये. पहिल्या प्रेझेंटेशनला आम्हाला विचारलं गेलं, "हे तर जुन्या बॅचचंच आहे, यात नावीन्य काय?" प्रश्न चुकीचा नाही. जुन्याला नुसता नवा रंग देऊन मार्क मागणारेही आपल्यात आहेत, आणि बाजारातून तयार प्रोजेक्ट विकत आणणारेही. पण दरवर्षी प्रत्येक ग्रुप शून्यापासून सुरू करतो, पहिल्याच चुका पुन्हा करतो आणि मे महिन्यात सगळं भंगारात जातं, याला तरी नावीन्य कसं म्हणायचं? नोकरीला लागल्यावर कोणी कोरा कागद देत नाही. दुसऱ्याने बनवलेलं, अर्धवट चालणारं, वापरणाऱ्याने शिव्या दिलेलं यंत्रच समोर येणार आहे. ते सुधारायला आपण कधी शिकणार?

म्हणून तीन साध्या सूचना करतो. एक, वर्कशॉपमध्ये जुन्या प्रोजेक्टसाठी एक रॅक असावा आणि प्रत्येकावर 'काय बिघडलंय' याची चिठ्ठी. दोन, प्रत्येक रिपोर्टच्या शेवटी 'काय जमलं नाही' असं एक पान सक्तीचं करावं आणि त्या पानाला मार्क असावेत. तीन, व्हायवात एक प्रश्न हमखास विचारावा, "हे ज्याच्यासाठी केलं, तो काय म्हणाला?" ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याचा प्रोजेक्ट अजून संपलेला नाही.

आणि आपल्यासाठी एक. अपग्रेड म्हणजे फीचर वाढवणं, हा फंडा डोक्यातून काढा. आमच्या यंत्रात सीनियरांच्या प्लॅनपेक्षा भारी असं काहीच नाही. फक्त ते बंद पडल्यावर माणसाला अडवत नाही.

मामा सध्या ते वापरतो आहे. परवा फोनवर म्हणाला, एका साहेबांनी विचारलं, हे कुठे मिळतं? मी विचारलं, मग तू काय सांगितलंस? "म्हटलं, माझ्या भाच्यानं माझ्यासाठी केलंय." आनंद झालाच, पण रात्री झोप नीट लागली नाही. उद्या त्या साहेबांनी स्वतःच्या हातात घ्यायला एक मागितलं तर? या प्रश्नाचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. मामाचा पहिला प्रश्न अजून आमच्या टेबलावरच आहे.

असो. आम्ही चौघे आता पास आऊट होऊ. आमच्या रिपोर्टचं 'काय जमलं नाही' हे पान कोणी न सांगताच आम्ही जोडलं आहे: ओलं गवत, चढ, चेनमधलं गवत, पावसासाठी झाकण. थर्ड इयरच्या कोणाला पुढे न्यायचं असेल तर रूमवर या. ड्रॉइंग, सर्किट, सुटे भाग सगळं देऊ. फक्त एक अट आहे. सोल्डरिंग गन हातात घेण्याआधी एका रविवारी मामाबरोबर अठरा होल चालून या, बॅग ढकलत.

– अंतिम वर्ष, मेकॅनिकल