रानड्यांनंतरचे गोखले, गोखल्यांनंतरचे गांधी

मोठा माणूस गेला की त्याच्याविषयी काय बोलायचे हे आपल्याकडे जवळजवळ ठरून गेले आहे. पोकळी निर्माण होते, पर्व संपते, आधारवड कोसळतो. शोकसभा होते, तसबिरीला हार घातला जातो, पुढच्या वर्षीपासून त्याच्या नावाने व्याख्यान सुरू होते. यातले काहीही खोटे नसते आणि दुःखही खरे असते. पण ज्यांना त्या माणसाने हाताला धरून शिकवले, त्यांच्यावरचे ऋण एवढ्याने फिटत नाही. त्यांनी त्याची मते जपली नाहीत तरी चालेल, त्याची काम करण्याची शिस्त मात्र जपली पाहिजे, आणि तीही तो बघायला नसताना. गुरुस्मरणाची हीच खरी कसोटी आहे असे मला वाटते. ती लावून पाहण्यासाठी महाराष्ट्राच्या इतिहासात रानडे, गोखले आणि गांधी यांच्याइतका चांगला दाखला दुसरा नाही.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी गेले, तेव्हा गोपाळ कृष्ण गोखले चौतिशीत होते. त्याआधीची सुमारे चौदा वर्षे त्यांनी रानड्यांच्या हाताखाली काढली होती. पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम, सरकारला पाठवायचे अर्ज, शेतसारा आणि जमाखर्चाचे अहवाल वाचून त्यातून टिपणे काढणे, हा त्या उमेदवारीचा अभ्यासक्रम होता. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली होती. तक्रार करायची तर आधी आकडे हातात हवेत आणि ते शक्यतो सरकारच्याच कागदांतले हवेत, ही रानड्यांची रीत होती. या शिस्तीची किंमत गोखल्यांना १८९७ मध्ये मोजावी लागली. पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या सोजिरांनी केलेल्या अत्याचारांबद्दल पत्रांतून कळलेली माहिती त्यांनी इंग्लंडमध्ये जाहीर केली. परतल्यावर ती पुराव्यानिशी सिद्ध करता येईना, तेव्हा त्यांनी बिनशर्त माफी मागितली. लोकांनी त्यांना भित्रा ठरवले. तो डाग पुढे बरीच वर्षे पुसला गेला नाही. पण जे शाबीत करता येत नाही ते मागे घ्यायचे, हा नियम अडचणीच्या वेळीही पाळावा लागतो, नाहीतर त्याला नियम कशाला म्हणायचे?

रानडे गेल्यानंतर चौदा महिन्यांनी, मार्च १९०२ मध्ये, केंद्रीय कायदेमंडळात गोखल्यांनी अंदाजपत्रकावरचे पहिले भाषण केले. शिलकी अंदाजपत्रक म्हणजे देशाची भरभराट, असा सरकारचा दावा होता. दुष्काळाने आणि प्लेगने माणसे मरत असताना तिजोरीत शिल्लक पडते, याचा अर्थ कर जरुरीपेक्षा जास्त घेतला जातो आहे, असे गोखल्यांनी सरकारचेच आकडे मांडून दाखवून दिले. त्या आकड्यांच्या तयारीत त्यांना गणेश व्यंकटेश जोशी यांची मदत असे. हेही रानड्यांच्या वर्तुळातले, पेशाने शाळामास्तर आणि सार्वजनिक अर्थकारणाचे जाडे अभ्यासक. गुरू गेल्यावर दोन शिष्य एकत्र बसून त्याच्याच रीतीने हिशेब तपासत राहिले, याहून चांगली श्रद्धांजली मला सांगता येणार नाही. मिठावरचा कर १९०३ ते १९०७ या काळात मणामागे अडीच रुपयांवरून एक रुपयावर आला. त्याचे सगळे श्रेय एका भाषणाला देता येणार नाही. तरीही गोखले त्या प्रश्नाचा पाठपुरावा वर्षानुवर्षे करत होते, हे नोंदवलेले आहे. पुढे १९१० च्या सुमारास पुण्यात रानड्यांचे स्मारक उभे राहिले, तेही उद्योग आणि अर्थशास्त्राच्या अभ्यासासाठीची संस्था म्हणून. रानडे इन्स्टिट्यूट हे नाव आज पत्रकारिता आणि परकीय भाषा शिकणाऱ्यांच्या ओळखीचे आहे. त्या नावामागचा मूळ हेतू किती जणांना ठाऊक असेल, याची शंका वाटते.

यावर कोणी म्हणेल, की हे फार कोरडे झाले. माणूस म्हणजे काही कामाची पद्धत नव्हे. त्याचा आवाज, त्याचा स्वभाव, त्याच्या घरातला वावर हे सगळे आठवायचे नाही का? आठवायचेच. रानड्यांच्या पत्नी रमाबाई यांनी १९१० मध्ये ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ लिहिल्या. त्या पुस्तकात न्यायमूर्तींच्या जागी घरातले रानडे भेटतात. रमाबाईंच्या शिकण्याला घरातल्या बायकांनी केलेला विरोध त्यात आहे, आणि पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल रानड्यांनी घेतलेल्या प्रायश्चित्ताचा, म्हणजे सुधारकांना सर्वांत जास्त टोचलेला विषयही त्यांनी टाळलेला नाही. नितांत भक्ती आणि खरेपणा एकाच पुस्तकात नांदू शकतात, हे त्यांनी दाखवले. शिवाय रमाबाई लिहून थांबल्या नाहीत. ते पुस्तक निघण्याआधीच, १९०९ मध्ये, त्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केले होते. जिला नवऱ्याने शिकवले, तिने इतर बायकांच्या शिक्षणाची सोय केली. माया आणि काम यांत निवड करायची वेळ त्यांच्यावर आली नाही, आणि ती कोणावरच येण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. गुरूच्या शिस्तीला धरून राहायचे म्हटले, की शिष्य तिथेच थिजतात आणि संस्था सोवळी होऊन बसते. गोखल्यांच्या बाबतीत हे घडण्याची वेळ आलीच होती. त्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज स्थापन केला. गांधींनी त्यात यावे ही त्यांची इच्छा होती. १९१५ च्या जानेवारीत गांधी आफ्रिकेहून परतले आणि १९ फेब्रुवारीला गोखले गेले. ती बातमी शांतिनिकेतनात कळताच गांधी पुण्याला धावले. समाजाच्या सभासदांत मात्र गांधींना घेण्यावरून दोन तट पडले, कारण त्यांची मते आणि मार्ग समाजाच्या चाकोरीत बसणारे नव्हते. अखेर गांधींनीच आपला अर्ज मागे घेतला. कागदोपत्री पाहिले, तर गोखल्यांची परंपरा समाजाकडे राहिली आणि गांधी बाहेर गेले. मतांच्या बाबतीतही अंतर मोठे होते. ‘हिंद स्वराज’ गोखल्यांना इतके कच्चे वाटले होते, की भारतात वर्षभर राहिल्यावर गांधी स्वतःच ते पुस्तक नष्ट करतील असे ते म्हणाले होते. गांधींनी ते कधीच मागे घेतले नाही.

तरीही शिष्य म्हणून गांधी कुठे उतरतात, हे १९१७ मध्ये चंपारणात दिसते. भारतात आल्यावर एक वर्ष देश फिरून पाहा, तोवर सार्वजनिक प्रश्नांवर मत देऊ नका, ही गोखल्यांची अट त्यांनी गोखले हयात नसतानाही पाळली होती. चंपारणात निळीच्या मळेवाल्यांविरुद्ध त्यांनी चळवळ पुकारण्याआधी चौकशी मांडली. हजारो रयतांच्या जबान्या लिहून घेतल्या. प्रत्येकाची उलटतपासणी घ्यायची आणि तिच्यात जो टिकणार नाही त्याची जबानी सोडून द्यायची, असा दंडक घातला. १८९७ ची माफी ज्या तत्त्वापायी मागितली गेली, तेच तत्त्व इथे वीस वर्षांनी बिहारच्या खेड्यांत, वेगळ्या राजकारणासाठी, पाळले जात होते. तीनकठियाची, म्हणजे जमिनीच्या ठरावीक हिश्शात नीळ लावण्याची, सक्ती पुढच्याच वर्षी कायद्याने गेली. ज्या समाजाने गांधींना आत घेतले नव्हते, त्याचे डॉ. देव चंपारणात मदतीला आले, आणि पुढे गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यात पीकपाण्याची चौकशी करणारे अमृतलाल ठक्करही समाजाचेच होते. तेव्हा शिस्तीमुळे शिष्य थिजतो, हे म्हणणे इथे टिकत नाही. शिस्त सुटली आणि नुसती मते उरली, की मग थिजणे सुरू होते.

गोखल्यांच्या चितेपाशी टिळकही बोलले होते. आयुष्यभर त्यांच्याशी भांडलेल्या या माणसाने त्यांना भारताचा हिरा आणि महाराष्ट्राचे रत्न म्हटले, आणि जमलेल्यांना त्यांच्यासारखे काम करायला सांगितले. मतभेद मिटल्याचा आव त्यांनी आणला नाही, तशी गरजही नव्हती.

आज एखादे ज्येष्ठ प्राध्यापक, संपादक, डॉक्टर, कार्यकर्ते जातात, तेव्हा त्यांच्या तालमीत तयार झालेल्यांनी शोकसभेनंतर तीन गोष्टी मनावर घ्याव्यात. त्यांची टिपणे, पत्रे, अपुरी हस्तलिखिते रद्दीत जाऊ देऊ नयेत. ते काम कसे करत, हे नवख्याला समजेल अशा बारकाव्यांसह लिहून काढावे, आणि त्यांचे चुकले कुठे तेही लिहावे. आणि त्यांच्या हातून राहिलेले एक तरी काम अंगावर घ्यावे. गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा देशाच्या संसदेने २००९ मध्ये केला.