हात, स्मरण आणि कच्ची वही

नातवाने डाव्या हातात पेन्सिल धरली की घरातील वडीलधारी मंडळी अस्वस्थ होतात. पुढे पेढी सांभाळायची, तर हात उजवाच हवा, असे म्हणून त्याची पेन्सिल हलकेच दुसऱ्या हातात दिली जाते. हाताचा बुद्धीशी काही संबंध असावा, ही समजूत जुनी आहे. मानसशास्त्रज्ञांनी त्याचा शोध घेतला, तेव्हा उत्तर जरा निराळे मिळाले.

ओल्डफील्ड यांनी 1971 साली हाताची सवय मोजण्यासाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. लिहिणे, कात्री चालवणे, झाडू धरणे, काडेपेटीची काडी ओढणे अशी साधी कामे कोणत्या हाताने होतात, हे तीत विचारले जाते. काही जण सर्व कामे एकाच हाताने करतात, तर काहींची कामे दोन्ही हातांत वाटलेली असतात. प्रॉपर, क्रिस्टमन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या 2005 सालच्या अभ्यासात पक्क्या उजव्यांपेक्षा अशा मिश्र सवयीच्या व्यक्तींचे अनुभवलेल्या गोष्टींचे स्मरण सरस आढळले. मेंदूच्या दोन अर्धगोलांतील देवाणघेवाण त्यांच्यात अधिक होत असावी, असा या अभ्यासकांचा तर्क आहे.

परंतु प्रसंग स्मरणात राहण्यापूर्वी तो मनात नीट टिपला जावा लागतो. हे काम कार्यस्मृतीचे. बॅडले व हिच यांनी 1974 मध्ये तिची मांडणी केली. ती दुकानातील कच्च्या वहीसारखी असते. एका वेळी तीत सुमारे चारच गोष्टी मावतात, असे कोवन यांचे मत आहे. कोण आले, काय बोलले, किती रक्कम दिली, हे सारे तेथे एकत्र गुंफले गेले, तरच कीर्दीत नोंद होते. तेवढ्यात फोन वाजला, दुसरे गिऱ्हाईक बोलू लागले, की पान कोरेच राहते. मग महिन्याभराने दोन भाऊ एकाच रकमेविषयी परस्परविरुद्ध गोष्टी शपथेवर सांगतात. दोघेही प्रामाणिक असतात. मात्र रिकामी जागा प्रत्येकाच्या मनाने आपापल्या परीने भरलेली असते.

मुलाचा हात बदलल्याने त्याचे स्मरण सुधारते, असे या संशोधनातून मुळीच निघत नाही. त्याचा हात त्याच्यापाशीच राहू द्यावा. पैसे देता-घेताना मात्र क्षणभर थांबावे, रक्कम मोठ्याने उच्चारावी आणि नोंद तत्काळ करावी. ती कोणत्या हाताने झाली, हे वही विचारत नाही.