फोन वाजतोय, पण कुणाच्या टेबलावर?

कॉलेजच्या ऑफिसला फोन लावायची वेळ येऊ नये, असं आपल्यातल्या प्रत्येकाला वाटतं. आणि ती येतेच. स्कॉलरशिपचा फॉर्म कुठेतरी अडकतो. रिव्हॅल्युएशनची शेवटची तारीख वेबसाइटवर एक आणि नोटीस बोर्डवर दुसरी असते. हॉस्टेलची यादी लागली की नाही, हे गावाकडे बसून कळत नाही. मग नंबर फिरवायचा. पहिल्यांदा एंगेज. दुसऱ्यांदा एंगेज. तिसऱ्यांदा लागतो, एक गोड आवाज ‘परीक्षा विभागासाठी दोन दाबा’ म्हणतो, आपण दोन दाबतो आणि मग ती धून सुरू होते. धून संपते तेव्हा फोनही कट झालेला असतो. आपण चिडून म्हणतो, ‘काय फालतू सिस्टीम आहे यार!’

माझं म्हणणं जरा वेगळं आहे. ती सिस्टीम बहुतेक वेळा अगदी ठणठणीत असते. तिला जे सांगून ठेवलंय, तेच ती इमानेइतबारे करत असते. तेव्हा भांडायचंच असेल तर मशीनशी कशाला? तिला काय सांगितलंय, कुणी सांगितलंय आणि सांगताना पलीकडे फोन कानाला लावून उभा असलेला मुलगा कुणाच्या डोक्यात होता का, हे विचारायला हवं.

त्यासाठी थोडं आत डोकावू. ऑफिसात कुठल्यातरी कोपऱ्यात, कागदांच्या रिकाम्या खोक्यांच्या आडोशाला, भिंतीवर एक डबा असतो. त्याचं नाव ईपीएबीएक्स. त्याच्या एका बाजूला असतात टेबलाटेबलावरचे फोन, म्हणजे एक्स्टेंशन. दुसऱ्या बाजूला टेलिफोन कंपनीकडून येणाऱ्या लाइन, म्हणजे ट्रंक. आजी-आजोबांना ‘ट्रंक कॉल’बद्दल विचारा, तो बुक करून ताटकळत बसल्याच्या गोष्टी ते रंगवून सांगतील. तीच ही ट्रंक, एका एक्स्चेंजला दुसऱ्याशी जोडणारी वाट. आता समजा, कॉलेजात एक्स्टेंशन ५० आहेत आणि ट्रंक दोनच. मग एका वेळी बाहेरच्या जगाशी फक्त दोन टेबलं बोलू शकतात. उरलेली ४८ टेबलं एकमेकांना ‘चहा सांगितला का?’ विचारायला मोकळी!

‘पण आमच्याकडे दोन लाइन पुरतात हो,’ असं ऑफिसातून सांगितलं जातं. चला, हिशेब करू. ॲडमिशनच्या दिवसांत सकाळी ११ ते १२ या तासात ४० फोन येतात आणि प्रत्येक फोन सरासरी ३ मिनिटं चालतो, असं धरा. ४० गुणिले ३ म्हणजे १२० मिनिटं. तास ६० मिनिटांचा. म्हणजे सरासरी दोन लाइन भरलेल्या. मग दोन लाइन पुरेशा, नाही का?

अजिबात नाही. माणसं घड्याळ लावून एकामागोमाग एक फोन करत नाहीत. कधी पाच जण एकदम करतात, कधी चार मिनिटं कुणीच करत नाही. हे गणित कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ॲग्नर क्रारूप एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने शंभर वर्षांपूर्वीच सोडवून ठेवलंय. १९०९ मध्ये त्याचा पहिला महत्त्वाचा लेख आला, १९१७ मध्ये सूत्रं आली आणि फोनच्या वर्दळीच्या एककाला आज त्याचंच नाव आहे. त्याच्या सूत्रात आपले आकडे टाकले तर काय येतं बघा. दोन लाइन असतील तर १०० पैकी ४० जणांना एंगेज. चार लाइन केल्या तर साडेनऊ जणांना. पाच केल्या तर चारहून कमी जणांना. सहा केल्या तर जेमतेम सव्वा. शिवाय हे सूत्र असं धरून चालतं की एंगेज मिळालेला माणूस गप्प बसतो, पुन्हा लावत नाही. आपण तर लगेच रिडायल मारतो. म्हणजे प्रत्यक्षात हाल याहून जास्तच.

थोडक्यात, दोनच्या पाच लाइन केल्या की चाळीस टक्के वैताग चार टक्क्यांच्या आत येतो. यात काही रॉकेट उडवायचं नाहीये. एका पीआरआय लाइनवर एका वेळी ३० जण बोलू शकतात. इंटरनेटवरून चालणाऱ्या एसआयपी ट्रंकमध्ये तर नवी तार न ओढताही वाटा वाढवता येतात. भाडं वाढतं, हे खरं. पण गेटवरच्या फ्लेक्सला आणि गॅदरिंगच्या मंडपाला पैसे मिळतात, तर या वाटांनाही मिळायला हवेत. आणि पैसे नसले तरी सेटिंग फुकट आहे. वेबसाइटवर चार नंबर छापून ‘कुठलातरी लागेल’ म्हणण्यापेक्षा एकच नंबर द्यायचा आणि हंटिंग लावून घ्यायचं. पहिली लाइन भरलेली असली की फोन आपोआप दुसरीवर जातो. एखादी ट्रंक फक्त येणाऱ्या फोनसाठी राखून ठेवायची, म्हणजे आतून कुणी बाहेर गप्पा मारत बसलं तरी दार पूर्ण बंद होत नाही.

आता वळू कॉल फॉरवर्डिंगकडे. खरी गंमत तिथे आहे. फॉरवर्डिंग तीन प्रसंगांत लावता येतं: येणारा प्रत्येक फोन वळवा, एंगेज असेल तर वळवा, ठरावीक सेकंदांत कुणी उचलला नाही तर वळवा. ऐकायला सोपं आहे. पण यातल्या प्रत्येक ओळीला एक प्रश्न चिकटलेला असतो: आणि तिथेही नाही उचलला तर? हा प्रश्न न विचारताच ओळ भरली, की काय होतं ते आपण भोगतोच. परीक्षा विभागाचा फोन अकाउंट्सकडे वळतो, अकाउंट्सचा रिसेप्शनकडे, आणि रिसेप्शनवाल्या मॅडम जेवायला जाताना आपला फोन परीक्षा विभागाकडे वळवून गेलेल्या असतात. झाला गोल पूर्ण! कागदावर तिघांनीही जबाबदारी नीट दुसऱ्याकडे दिलेली असते. फक्त ती घेतलेली कुणीच नसते.

मला वाटतं, कुठल्याही ऑफिसची खरी ओळख भिंतीवरच्या फ्रेममधल्या ध्येयवाक्यातून होत नाही. ती त्याच्या फॉरवर्डिंगच्या सेटिंगमधून होते. ‘विद्यार्थी हाच केंद्रबिंदू’ असं लिहायला काही लागत नाही. साडेपाचला आलेला फोन कुठे जातो, यावरून केंद्रबिंदू कळतो.

मग सोपा उपाय म्हणून फोन थेट कुणाच्यातरी मोबाइलवर टाकला जातो. ‘सरांच्या मोबाइलवर फॉरवर्ड करून ठेवलाय, काळजी नको.’ इथे दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, बाहेरून आलेला फोन ईपीएबीएक्समधून पुन्हा बाहेर मोबाइलवर पाठवला की दोन ट्रंक अडकतात, एक येण्यासाठी आणि एक जाण्यासाठी. ज्या कॉलेजात ट्रंकच दोन आहेत, तिथे सर एका पालकाशी बोलत असेपर्यंत बाकी सगळ्या जगाला एंगेज. दुसरी गोष्ट माणसाची आहे. त्या क्लार्कच्या समोर खिडकीत रांग आहे, हातात फॉर्म आहेत आणि आता स्वतःचा मोबाइलही ऑफिसचा झाला. रविवारी, जेवताना, कुणाच्या तरी साखरपुड्यातही तो वाजणार. आपण फोन न उचलणाऱ्या क्लार्कला शिव्या घालतो. पण त्याच्या खिशात कॉलेजचं रिसेप्शन कोंबलं कुणी, हे विचारत नाही.

फोन कुठे वळवायचा हे ज्याच्या हातात, त्याच्या हातात किती ताकद असते, याचा एक भारी किस्सा टेलिफोनच्या इतिहासात आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत अल्मन स्ट्राउजर नावाचा माणूस अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा धंदा करायचा. त्या काळी फोन जोडून द्यायला एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर बसायच्या. असं सांगतात, की तिथली एक ऑपरेटर त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या घरातलीच होती आणि स्ट्राउजरसाठी आलेले फोन ती तिकडेच जोडून द्यायची. वैतागलेल्या स्ट्राउजरने ऑपरेटरच नको, असं ठरवलं. फोन करणाऱ्यानेच नंबर जोडायचा, अशा स्वयंचलित एक्स्चेंजचं पेटंट त्याला १८९१ मध्ये मिळालं आणि पुढच्याच वर्षी इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावात तसं एक्स्चेंज सुरूही झालं. ऑपरेटर गेल्या. पण फोन कुठे वळवायचा हे ठरवण्याची ताकद कुठे गेली? ती सेटिंगच्या स्क्रीनमध्ये जाऊन बसली. तिथे आज कोण बसतं, हे आपल्याला माहीतच नसतं.

हीच ताकद चोरांनीही ओळखली. ‘तुमचं कुरिअर आलंय, स्टार ४०१ स्टार आणि हा नंबर दाबा,’ असा फोन आला आणि समोरच्याने तो दाबला, की त्याचे सगळे फोन चोराकडे वळायचे. मग फोनवरून सांगितला जाणारा ओटीपीही तिकडेच. हे इतकं बोकाळलं, की दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून असे कोड दाबून कॉल फॉरवर्ड करण्याची सोय मोबाइल कंपन्यांना थांबवायला लावली. ऑफिसच्या फोनचंही तेच. एक्स्टेंशनचा पासवर्ड १२३४, परदेशी कॉल सगळ्यांना खुले आणि फॉरवर्डिंगला कुठलंच बंधन नाही, असं असेल तर सुट्टीच्या रात्रीत कुणीतरी तुमच्या ट्रंकवरून परदेशी बोलून घेतं आणि बिल येतं कॉलेजच्या नावावर. ते शेवटी कुणाच्या फीमधून भरलं जाणार, हे सांगायला नको.

‘आता फोन करतंच कोण? व्हॉट्सॲप आहे, ई-मेल आहे, चॅटबॉट आहे!’ हा युक्तिवाद मलाही ठाऊक आहे. सगळं सुरळीत असतं तेव्हा तो बरोबरही आहे. पण फॉर्म भरायची मुदत पाच वाजता संपतेय, पोर्टलवर पैसे कापले गेलेत आणि पावती येत नाहीये, अशा वेळी ई-मेलला ‘तीन कामकाजाच्या दिवसांत उत्तर देऊ’ हे उत्तर काय कामाचं? आणि फोन करणारे फक्त आपण नसतो. तालुक्याच्या गावाहून पोरीच्या ॲडमिशनची चौकशी करणारे बाबा असतात. त्यांचा फोन लागला नाही, तर ते चॅटबॉट उघडत नाहीत. एक दिवसाची मजुरी बुडवून एसटीने येतात आणि खिडकीवर कळतं, की कागद उद्या मिळेल. दोन मिनिटांचा न लागलेला फोन त्यांना हजार रुपयांना पडू शकतो.

मग करायचं काय? तक्रार करू नका, तक्ता करा. आठवडाभर रोज तीन वेळा, म्हणजे सकाळी ११ला, दुपारी दीडला आणि सव्वापाचला, कॉलेजच्या नंबरवर बाहेरून फोन लावा. एंगेज आला की लागला, किती रिंगा गेल्या, कुणी उचलला, कुठे तोडला, एवढंच लिहा. तो कागद घेऊन प्राचार्यांना भेटा. ‘फोन लागत नाही’ म्हणणाऱ्या पोरांना वाटेला लावता येतं, पण आठवडाभराच्या फोनांचा तक्ता समोर ठेवणाऱ्यांना लावणं अवघड जातं. सोबत एर्लांगचं गणित जोडा, म्हणजे मॅथ्सवाले सरही आपल्या बाजूने!

आणि कॉम्प्युटर किंवा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, हे तुम्हाला स्वतः करून बघता येतं. ॲस्टेरिस्क नावाचं मोफत, खुलं सॉफ्टवेअर साध्या कॉम्प्युटरचं ईपीएबीएक्स करून टाकतं. ते १९९९ मध्ये मार्क स्पेन्सरने लिहायला घेतलं, तेव्हा तो अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठात शिकत होता. आपल्या छोट्या कंपनीसाठी फोन सिस्टीम हवी होती आणि विकत घेणं परवडत नव्हतं, म्हणून स्वतःच लिहिली. लॅबमधल्या जुन्या पीसीवर ते टाका, चार मोबाइलना एक्स्टेंशन करा, फॉरवर्डिंगचा गोल मुद्दाम तयार करा आणि मग तो तोडून दाखवा. लास्ट इयरचा प्रोजेक्ट म्हणून कुणाच्यातरी जुन्या फाइलची कॉपी मारण्यापेक्षा हे नक्कीच बरं. उद्या एखाद्या हॉस्पिटलची, बँकेची नाहीतर पोलिस कंट्रोल रूमची फोन सिस्टीम तुमच्यापैकीच कुणाच्यातरी हातात येणार आहे.

तेव्हा एकच नियम लक्षात ठेवा. फॉरवर्डिंगची प्रत्येक ओळ शेवटी माणसापाशी थांबली पाहिजे: ज्याची ती ड्युटी आहे, ज्याला त्याचा पगार मिळतो आणि ज्याची सुट्टी असेल त्या दिवशी त्याच्या जागी दुसरं कुणीतरी आहे. नुसतं धुनेपाशी थांबणारी ओळ चालणार नाही. कॉलेजकडे या आठवड्यात तेवढं एक पान मागा, फोन कुठून कुठे जातात त्याचं. मिळालं तर वाचा. ‘असं पान आमच्याकडे नाहीच’ असं उत्तर आलं, तर आपला फोन का लागत नव्हता, हे तुम्हाला तिथेच कळेल.