छपरावरचा कॅमेरा कुणाच्या हातात?

नाशकात दर बारा वर्षांनी सिंहस्थ भरतो आणि सिंहस्थ आला की गोदाकाठच्या गच्च्यांना एकाएकी भाव येतो. २००३ साली आला, २०१५ साली आला, २०२६-२७ च्या पर्वातही येणारच. रामकुंडाभोवतीच्या घरांवर वृत्तपत्रांचे छायाचित्रकार आणि वाहिन्यांची माणसे चढतात. त्यांच्याही वर आता ड्रोन घिरट्या घालतात. खाली माणसांचा समुद्र, वर कॅमेरा! हे चित्र वाचकांनी शंभर वेळा पाहिले आहे.

पण सिंहस्थ नसतानाही गच्चीवर कॅमेरा घेऊन चढणारे आता वाढले आहेत. जुने नाशिक, भद्रकाली, पंचवटी या भागांत घरे एकमेकांना इतकी खेटून आहेत की एका गच्चीवर उभे राहिले तर पन्नास घरांचे रोजचे जगणे दिसते. कुणी कुरडया वाळत घालते आहे, कुणी केस सुकवते आहे, कुणी पोर पाण्याच्या टाकीला टेकून अभ्यास करते आहे. संक्रांतीला तर सगळे गावच वर असते. आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्याचा पतंगोत्सव तीन दिवस चालतो आणि गच्च्यांवरून आसारी फिरवणाऱ्या पोरांचे फोटो दरवर्षी छापून येतात. दाट वस्तीच्या छपरांवरचे जीवन हा छायाचित्रकारांचा आवडता विषय झाला आहे. त्याची प्रदर्शने भरतात, कॅलेंडरे निघतात, मोबाईलच्या पडद्यावर हजारो लोक ती चित्रे पाहतात.

या छंदाला आमचा विरोध नाही. रोजचे जगणे हा छायाचित्राचा विषय व्हावा, राजेरजवाड्यांऐवजी कष्टकरी माणूस चौकटीत यावा, हे चांगलेच आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. कॅमेरा उभा आहे कुणाच्या छपरावर, आणि तो पाहतो आहे कुणाच्या छपराकडे?

शहरात छपरे दोन प्रकारची असतात. एक स्लॅबची गच्ची. तिला जिना असतो, कठडा असतो, रात्री अंथरूण टाकून झोपण्याइतकी जागा असते. दुसरे पत्र्याचे. त्याला जिना नसतो आणि कठडाही नसतो. वारा सुटला की पत्रा उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवलेले असतात, जुने टायर ठेवलेले असतात. घरात जागा नाही म्हणून मोडकी सायकल, सरपण, फुटका पिंप, सारे वरच. पापड वाळत घालायचे तर हलके पोर चढवावे लागते, आणि त्या पोराला आई खालून ओरडून सांगते की बाबा, खिळ्यांच्या रेषेवरच पाय ठेव, मधे ठेवलास तर खाली येशील! खिळ्यांच्या रेषेखाली वासा असतो हे त्या माउलीला कोणत्याही इंजिनिअरने शिकवलेले नसते.

आता सांगा, छायाचित्रकार कुठे उभा राहणार? पत्र्यावर तर त्याला उभेच राहता येत नाही. तो गच्चीवर उभा राहतो आणि तिथून पत्र्यांकडे पाहतो. यात त्याचा काही दुष्ट हेतू असतो असे आमचे म्हणणे नाही. पण ज्याच्याकडे गच्ची आहे त्याच्या उंचीवरूनच शहर पाहिले जाते, हे खरे आहे की नाही? त्या उंचीवरून आमची निळी ताडपत्री फार सुंदर दिसते. गंजलेल्या तांबूस पत्र्यांत निळ्या रंगाचा तुकडा! पाहणारा वाहवा करतो. ती ताडपत्री तिथे का आहे, हे चित्र सांगत नाही. पावसाळ्यात घरात चार ठिकाणी भांडी मांडावी लागतात म्हणून ती तिथे आहे.

आणि चित्राखाली काय लिहिलेले असते? जुना वाडा असेल तर वाड्याचे नाव, घराण्याचे नाव, बांधणीचे साल. पत्र्याचे घर असेल तर ‘नाशिकमधील एक झोपडपट्टी’. ना वस्तीचे नाव, ना त्या बाईचे नाव, ना ती तिथे किती वर्षे राहते त्याचा उल्लेख. वाड्याला इतिहास असतो आणि वस्तीला फक्त रंग असतो, असे जणू ठरूनच गेले आहे.

उंचीचा आणि जातीचा संबंध या देशात जुना आहे. त्रावणकोर संस्थानात खालच्या मानलेल्या जातींना एका मजल्याहून उंच घर बांधण्याची बंदी होती. आपल्याकडे वेगळा हुकूम काढण्याची गरजच नव्हती. वस्तीच गावाच्या बाहेर होती आणि मिळकत अशी की छप्पर हातभर वर जाऊ नये. पुढे ही माणसे शहरात आली, नाल्याच्या कडेला आणि नदीच्या पूररेषेत राहिली. १४ एप्रिलला किंवा बुद्धपौर्णिमेला कुणी उंचावरून शहर पाहावे. निळे झेंडे आणि पंचशील ध्वज कोणत्या छपरांवर फडकतात आणि ती छपरे शहराच्या कोणत्या कडेला आहेत, हे पाहिले की जातींचा नकाशा वेगळा काढावा लागत नाही.

कॅमेऱ्याचा इतिहासही आपण विसरू नये. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था निघाली. पुढे १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड छापले. त्यांत जाती-जमातींची माणसे नमुन्यासारखी उभी करून त्यांची छायाचित्रे दिली होती. म्हणजे आपल्या माणसांपुढे कॅमेरा आला तो मोजदाद करायला आला, ओळख करून घ्यायला नव्हे.

नाशिक जिल्ह्याचे तर कॅमेऱ्याशी खास नाते आहे. दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरी झाला. १९१८ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनीचे काम नाशकातच चालले. त्या कॅमेऱ्याने राम, कृष्ण, कालिया पाहिले. त्याच नाशकात २ मार्च १९३० रोजी परमपूज्य बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली, कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या संघटनेच्या बळावर काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. मैलभर लांबीची मिरवणूक या शहराच्या रस्त्यांवरून गेली. रामनवमीला दगड खाल्ले आमच्या माणसांनी. पाच वर्षांच्या या लढ्याची जी मोजकी छायाचित्रे आहेत तीच दर २ मार्चला पुन्हा पुन्हा छापली जातात. त्या हजारो सत्याग्रहींच्या घरी चूल कशी पेटत होती, मागे राहिलेल्या बाया काय करीत होत्या, त्यांची घरे कशी होती, हे कुणी टिपून ठेवले? कॅमेरा शहरात होता, पण त्याचे तोंड दुसरीकडे होते.

कुणी म्हणेल, झाले ते झाले; आज एका फोटोवरून एवढा ऊहापोह कशासाठी? त्याचे उत्तर असे की आज छपराचा फोटो ही नुसती कलेची गोष्ट राहिलेली नाही. तो पुरावा झाला आहे.

मुंबईत १९७६ साली सरकारने झोपड्यांची गणना केली आणि गणनेत सापडलेल्यांना फोटोपास दिले. झोपडपट्टीतल्या माणसाला ‘फोटो’ या शब्दाचा अर्थ तेव्हापासून बरोबर कळतो. फोटो म्हणजे घर राहील की जाईल याचा निकाल! पुढे संरक्षणाची तारीख १ जानेवारी १९९५ झाली, २०१४ साली ती १ जानेवारी २००० पर्यंत आणली गेली, नंतर २०११ पर्यंतच्या रहिवाशांना पैसे भरून घर देण्याची तरतूद झाली. प्रत्येक वेळी प्रश्न एकच होता. त्या तारखेला तुम्ही इथे राहत होता याचा पुरावा काय?

आता पाहणी करायला ड्रोन येतो. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली. तिच्यात गावठाणातल्या घरांचे मोजमाप ड्रोनने होते आणि मालकाला मालमत्ता पत्रक मिळते. चांगली गोष्ट आहे. पण गावठाणाबाहेर गायरानावर ज्यांची घरे आहेत त्यांचे काय? २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानावरची अतिक्रमणे काढण्याच्या नोटिसा राज्यभर निघाल्या. त्यांत आपली किती माणसे होती हे चळवळीच्या कार्यकर्त्याला सांगावे लागत नाही. याच जमिनीसाठी कर्मवीर दादासाहेबांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, माणसे तुरुंगात गेली. वरून पाहणाऱ्या यंत्राला यातले काय दिसणार? गावठाणाच्या रेषेच्या आतले छप्पर ही मालमत्ता आणि बाहेरचे छप्पर हे अतिक्रमण. पत्रा तोच, पण अर्थ रेष ठरवते. आणि ती रेष ओढताना आपण वेशीबाहेर होतो!

त्यात वस्तीला आगीचे भय कायमचे. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदी चालू असताना गंजमाळच्या भीमवाडीत आग लागली, झोपड्या जळाल्या. अशा आगीत भांडीकुंडी जातात ती पुन्हा जमवता येतात. पण रेशनकार्ड, वीजबिल, शाळेचा दाखला, बापाचा एकुलता एक फोटो गेला की माणसाचा इथे राहिल्याचा मागच पुसला जातो. म्हणून आम्ही म्हणतो की वस्तीच्या रोजच्या जगण्याचे छायाचित्र ही हौस नसून आपली गरज आहे. फक्त ते कुणी काढायचे आणि कसे काढायचे, हे आपण ठरवले पाहिजे.

बाहेरच्याने काढूच नये असे आमचे मत नाही. फ्रान्सच्या जेआर या छायाचित्रकाराने २००९ साली केनियातल्या नैरोबीच्या किबेरा झोपडपट्टीत एक काम केले. तिथल्या बायांचे चेहरे आणि डोळे त्याने मोठे करून त्यांच्याच छपरांवर बसवले. पण ते साध्या कागदावर छापले नाहीत. पाणी न झिरपणाऱ्या कापडावर छापले, म्हणजे पावसाळ्यात तेच छायाचित्र छपराचे आच्छादन झाले. छपराचा फोटो काढणारे पुष्कळ आहेत, फोटो देऊन छप्पर गळायचे थांबवणारा विरळा! आणि आपल्यातच अकोल्याचे सुधारक ओलवे आहेत. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांसोबत राहून त्यांनी त्यांचे काम, त्यांची घरे, त्यांचे जगणे छायाचित्रांत आणले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी गच्चीवरून पाहिले नाही. गटारात माणूस उतरतो तिथपर्यंत कॅमेरा नेला.

एक गोष्ट आपल्या तरुणांनाही सांगितली पाहिजे. हाती मोबाईल आला म्हणून आपणही तीच चूक करू नये. दहा बाय दहाच्या घरात राहणाऱ्या बाईला छपराची किंवा ओट्याची जागा हीच काय ती मोकळी हवा. तिथे ती केस विंचरते, दुपारी घटकाभर बसते. तिला न विचारता फोटो काढणे म्हणजे तिची तेवढीही जागा काढून घेणे होय. आधी जयभीम घाला, मावशीला विचारा, मग फोटो काढा. नको म्हणाली तर नको.

आणि नाव लिहा. नावाचे महत्त्व पाहायचे असेल तर नाशिककरांनी त्रिरश्मी लेण्यांवर जावे. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा तिथे काही संबंध नाही, ती बौद्ध भिक्खूंची लेणी आहेत. तिथून सारे नाशिक खाली पसरलेले दिसते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे शिलालेख तिथे आहेत. सातवाहनांची राणी गौतमी बलश्री त्यांत आहे, नहपानाचा जावई उषवदात आहे. पण त्याच दगडावर धंभिक गावाचे दान नोंदलेले आहे. अभ्यासकांनी कोळी म्हणून ओळखलेल्या मुगूदासाचे नाव आहे. गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे ठेवलेल्या कार्षापणांचा हिशेब आहे. ज्या धम्माने माणसाला माणूस मानले त्याच्या भिंतीवर राणीला नाव आहे तसे कोळ्यालाही आहे. दोन हजार वर्षांपूर्वी जे दगडावर कोरता आले ते आज फोटोखाली दोन ओळींत लिहिता येत नाही काय?

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. प्रत्येक वस्तीतल्या बुद्धविहारात एक नोंदवही ठेवा. वस्तीतल्या चार मुलामुलींनी वर्षातून दोनदा, १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला, संमती घेऊन प्रत्येक घराचा फोटो काढावा. घर, छप्पर, दारात उभी माणसे. खाली नाव, वस्तीचे नाव, तारीख आणि किती सालापासून राहतात ते लिहावे. एक प्रत घरात, एक विहारात आणि एक वस्तीबाहेरच्या विश्वासू कार्यकर्त्याकडे असावी, म्हणजे आग लागली तरी सगळे जळणार नाही. याला मोठा निधी लागत नाही. एक मोबाईल आणि थोडी शिस्त लागते. हा कागद म्हणजे सरकारी पुरावा नव्हे, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण नोटीस हातात पडल्यावर वकिलापुढे रिकाम्या हाताने जाणे आणि दहा वर्षांची तारीखवार वही घेऊन जाणे यांत फरक पडतो.

सिंहस्थात पुन्हा कॅमेरे गच्च्यांवर चढतील, ड्रोन उडतील, जगभर नाशिक दिसेल. त्या चित्राच्या कडेला, नदीच्या वळणाजवळ, पत्र्यांची एक रांग दिसेल आणि तिच्यावर दगड ठेवलेले असतील. त्या पत्र्याखाली कोण राहते, हे जगाला सांगण्याची जबाबदारी आपण दुसऱ्यावर किती दिवस टाकणार?