मुलीला घरी बसवून मैदान सुरक्षित होत नाही

मैदानावर काही वावगं घडल्याची कुजबुज सुरू झाली की आपल्या मोहल्ल्यात एकच उपाय होतो: मुलीचं खेळणं बंद. तिचे बूट माळ्यावर जातात. ज्याच्याबद्दल कुजबुज असते तो 'सर' मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला शिट्टी वाजवत हजर असतो आणि त्याच्यासमोर इतरांची मुलं रांगेत उभी असतात. याला आपण 'इज्जत सांभाळली' म्हणतो. मी म्हणते, आपण फक्त मूल बदललं. धोका होता तिथेच ठेवला.

रुचिका गिरहोत्राचं प्रकरण आठवा. 1990 साली हरयाणातल्या पंचकुल्यात टेनिस खेळणारी 14 वर्षांची मुलगी. राज्याच्या लॉन टेनिस संघटनेचा अध्यक्ष एस. पी. एस. राठोड हा पोलीस खात्यातला बडा अधिकारी. त्याने तिचा विनयभंग केला आणि तिने तक्रार केली. त्यानंतर शाळेतून नाव कमी झालं ते तिचं. 1993 च्या डिसेंबरमध्ये तिने जीव दिला. राठोड बढत्या घेत राज्याचा पोलीस महासंचालक झाला. गुन्हा नोंदवायला 1999 उजाडलं, दोषी ठरायला 2009. तीही शिक्षा आधी सहा महिन्यांची, मग अपिलात दीड वर्षाची; शेवटी 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवला, पण भोगलेली कैद पुरेशी मानली. मैदान सोडावं लागलं ते मुलीला, खुर्ची टिकली ती त्याची. आपल्या गल्लीतही छोट्या मापात हेच चालतं.

आता कायदा तसा राहिलेला नाही. 2012 चा पॉक्सो कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही; 18 वर्षांखालचं प्रत्येक मूल त्यात येतं. हे मुद्दाम सांगते, कारण मुलग्यांना आपण विचारतच नाही. 'पोरगा आहे, त्याला काय होणार?' असं म्हणून मोकळे होतो. या कायद्याच्या कलम 19 प्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या कोणीही ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. दडवणाऱ्याला कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. म्हणजे जमातीच्या चार बुजुर्गांनी बसून 'मिटवून टाकलं' हा समजूतदारपणा नाही, गुन्हा आहे. 2020 च्या पॉक्सो नियमांत तर क्रीडा अकादमीचं नाव घेऊन म्हटलंय की मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करा.

तुमच्या वस्तीतल्या क्रिकेट कोचिंगवाल्याची पडताळणी झाली आहे का? कधी विचारलंत? घरात भाडेकरू ठेवताना आधार कार्ड मागता, चारित्र्याची चौकशी करता. पोटचं पोर मात्र 'जिल्ह्याकडून खेळलेला आहे' एवढ्या एका वाक्यावर हवाली करता.

यावर ठरलेली उत्तरं येतात. पहिलं, 'बिचारा फुकट शिकवतो, त्याच्यावर शक घ्यायचा?' शक कोणावरच घ्यायचा नाही. नियम सगळ्यांना सारखा लावायचा. नेक उस्तादाचं त्यात काहीच जात नाही, उलट त्याच्यावर नाहक बोट उठत नाही. दुसरं, 'पोरं खोटं बोलतात.' खरं-खोटं तपासात ठरेल. मोठ्या माणसाने आकसाने केलेल्या खोट्या तक्रारीला पॉक्सोतच शिक्षा आहे. तिसरं, 'मुलींनी मैदानात जावंच कशाला?' मुंब्र्यात 'परचम'च्या मुली फुटबॉल खेळल्या, मैदानात स्वतःसाठी जागा मागितली. तशी मागणी आपल्याकडे व्हायला हवी. ज्यांना मुलींचं खेळणंच खुपतं, त्यांनी सुरक्षेच्या आडून बोलू नये.

आणि इजा एकाच प्रकारची नसते. मे महिन्याच्या उन्हात शिक्षा म्हणून दहा फेऱ्या मारायला लावणं, सुजलेल्या घोट्यावर फायनल खेळवणं, हरल्यावर सगळ्यांसमोर आईवरून शिवी देणं, यालाही आपण 'तालीम' म्हणतो. बी.एड. करताना आम्हाला शिकवलं की मूल घाबरलं की शिकणं थांबतं. वर्गात छडी कायद्याने बंद झाली, मग मैदानात ती का चालावी?

करायचं काय, ते अवघड नाही. शिकवणाऱ्याची पडताळणी. मूल आणि शिकवणारा बंद खोलीत एकटे नकोत. रात्रीचे खासगी मेसेज नकोत. जे सांगायचं ते पालकांच्या ग्रुपवर. बाहेरगावच्या टुर्नामेंटला मुली असतील तर सोबत एक जबाबदार बाई. मुलांची झोपायची जागा मोठ्यांपासून वेगळी. मैदानाच्या भिंतीवर 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर, मुलांना वाचता येईल एवढ्या अक्षरात.

ट्रॉफी, टी-शर्ट, मंडप आणि डीजेसाठी आपल्या मंडळांकडे वर्गणी जमते. या नियमांना त्याच्या पावपटही पैसा लागत नाही, फक्त अध्यक्षांना एक कागद लिहून त्यावर सही करावी लागते. पुढच्या टुर्नामेंटची पावती घेऊन कोणी दारात आलं, तर आधी तो कागद मागा. कागद नसेल तर वर्गणी देऊ नका.